मी रोज झाडत होते ते फोल्डर

बाई, परवा तुमची तेरवी झाली. येणारा प्रत्येक जण सांगून गेला की अजून विश्वास बसत नाही. माझा बसला आहे. तुमची गादी मीच उन्हात टाकली, उरलेल्या गोळ्या मीच परत नेऊन दिल्या, चष्मा पुसून डबीत मीच ठेवला. त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आपल्या समोरच्या खोलीतला कॉम्प्युटर त्या वर्षी कोणामुळे रडतखडत चालत होता, हे या घरात आपल्या दोघींनाच माहीत होतं. तुम्ही ते कोणाला सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं, तर मीही सांगितलं नाही. वर शेवटच्या आठवड्यात त्याच गोष्टीवरून तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही ते खरं मानून गेलात. आता ते खरं करण्याचं काम माझ्याकडे उरलं आहे. ते कसं केलं, कुठवर आलं, हे तुम्हालाच सांगायला हवं. पण आधी सगळं पहिल्यापासून.

तुम्हाला कॉम्प्युटर शिकवला तो मी उपकार केल्यासारखा. हे तुम्हाला तेव्हाही कळलं असणार. मी मोहाडीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पंधरा वर्षं शिकवणारी, करडी गावात सगळे मास्तरीण म्हणतात ती धाकटी जाऊ. तुम्ही दहावीला गणितात राहिलेल्या, धानाच्या रोवणीला वीस बायांची रांग एकट्या सांभाळणाऱ्या थोरल्या जाऊबाई. एका उन्हाळ्यात दुपारी तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात.

"मले बी दाखव नं वो, हा डब्बा कसा चालते थे."

"तुम्हाला कशाला पाहिजे बाई?"

"कायले म्हंजे? तुले कायले पाहिजे होता?"

मग शिकवलं. पहिल्या दिवशी तुम्ही माऊस असा धरला की जणू तो पळून जाणार आहे. दोन महिन्यांनी गावातल्या बाया अर्ज भरायला तुमच्याकडे येऊ लागल्या. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं, धानविक्रीची नोंदणी करायची, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. दुपारची कामं आटोपून तीनच्या सुमाराला त्या यायच्या आणि तुम्ही त्या खुर्चीवर बसायच्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या बाईची या घरात स्वतःची म्हणावी अशी ती पहिली खुर्ची होती. हे मला आज दिसतं. तेव्हा नव्हतं दिसत.

तुमची एक सवय मी कुठल्याच विद्यार्थिनीत पाहिली नाही. स्क्रीनवर जे काही लिहून येईल ते तुम्ही पूर्ण वाचायच्या. मी आणि माझ्या क्लासमधल्या पोरी 'ओके' दाबून पुढे जाणाऱ्या. तुम्ही हात वर करून थांबायच्या. "थांब, थो काहीतरी म्हनून राहिला." इंग्रजी असलं तर मला हाक मारून अर्थ विचारायच्या, आणि मी चिडायचे. दुसरी सवय म्हणजे, अर्ज भरून झाला की तुम्ही स्क्रीन त्या बाईकडे वळवायच्या. "पाय, तुहं नाव असं लिवलं. बरोबर हाये का? नाही तं आताच सांग, मंग माह्या नावानं बोंबलू नको." बाईला वाचता येत नसलं तरी वळवायच्या. मी पंधरा वर्षांत माझी स्क्रीन कोणाकडे वळवली नव्हती.

मग त्या पावसाळ्याच्या शेवटी मशीन मंदावलं.

बटण दाबल्यापासून अर्जाचं पान उघडेपर्यंत सहा-सात मिनिटं. मध्येच दुसरा प्रोग्रॅम उघडला की आणखी दोन. बाया पडवीत बसून राहायच्या, तुम्ही चहा टाकायच्या, चहा पिऊन व्हायचा आणि स्क्रीनवर गोल फिरतच असायचा. कुंदाबाई एकदा म्हणाल्याच, "बाई, या मशीनीपेक्षा आमचा बैल बरा. निदान हाकलला तं चालते."

भाऊजींनी त्याच आठवड्यात जेवताना विषय काढला. खुर्ची बायकोची असली तरी त्यांचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीनंतर धान घरी येणार, पोत्यांना जागा लागणार, आणि समोरची खोली एका बंद पडत चाललेल्या डब्ब्यानं अडवून ठेवली आहे. "चालते तं चालू द्या. नाही चालत तं दिवाळीच्या आधी टेबल उचला. मले थे खोली पाहिजे."

तुम्ही भात वाढत राहिलात. पण भाऊजींच्या ताटात दोनदा वरण वाढलंत, म्हणजे तुमचं लक्ष ताटात नव्हतं.

मला विचारलंत तेव्हा मी तज्ज्ञासारखं उत्तर दिलं. मशीन जुनं आहे, मेमरी कमी आहे, फार तर फॉरमॅट मारून पाहू, नाहीतर काढून टाका. भंडाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्यानेही फोनवर तेच सांगितलं, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो. तुम्ही विचारलंत, "फॉरमॅट म्हंजे काय करते थो?"

"सगळं पुसून नव्यानं टाकतात."

"मंग बिमारी काय होती थे कसं समजन?"

"समजायची गरजच नाही बाई. बरं झालं म्हणजे झालं."

"असं कसं? नाही समजलं तं उद्या परत होईन. आन परत पुसाचं?"

हा प्रश्न क्लासमध्ये मला कोणी विचारला असता तर मी 'हुशार आहेस' म्हटलं असतं. तुम्ही विचारलात म्हणून मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं ते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून खोलीच्या दाराआड खिळ्याला लावलं. वर तारीख, पुढे भिंतीवरच्या घड्याळात पाहून दोन वेळा लिहिलेल्या. बटण दाबलं तेव्हा किती वाजले, आणि अर्जाचं पान उघडलं तेव्हा किती. त्याखाली, आज काय बदललं. नियम तुम्हीच केला होता, एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. मी एका बैठकीत पाच सेटिंग बदलायला निघाले तर तुम्ही माऊस माझ्या हातातून काढून घेतला. "पाच दवाया एकदम देशील आन बरा झाला तं कोनत्या दवाईनं झाला, सांगशील मले?"

पहिल्या दिवशी मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. अर्ध्या मिनिटाचा फरक. दुसऱ्या दिवशी विषाणू शोधला, काही नाही. तिसऱ्या दिवशी डिस्क तपासली, ती ठीक होती. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तू यात काय काय बदललं होतं आतापर्यंत? लिवून ठेवलं असशील नं?"

लिहून ठेवलं नव्हतं. आठवायला बसले तेव्हा आठवलं. श्रावणात मी एक व्हिडिओ पाहिला होता, कॉम्प्युटरचा वेग वाढवण्याचा. त्यात सांगितलं तसं मी रजिस्ट्रीत, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या सेटिंगच्या यादीत जाऊन प्रीफेचरचा आकडा तीनाचा शून्य केला होता आणि त्या कामाची जी सेवा पडद्यामागे चालते, तीही बंद करून ठेवली होती. नंतर विसरून गेले.

"प्रीफेचर म्हंजे?"

मी पाठ असलेलं वाक्य म्हटलं. आपण प्रोग्रॅम उघडतो तेव्हा त्याला डिस्कवरून कुठून काय लागलं, याची नोंद सिस्टीम करून ठेवते. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम उघडला की ती नोंद पाहून लागणारं सामान आधीच काढून ठेवते. शून्य म्हणजे ते काम बंद. एक म्हणजे फक्त प्रोग्रॅमसाठी चालू, दोन म्हणजे मशीन सुरू होतानापुरतं, तीन म्हणजे दोन्हीसाठी.

तुम्ही म्हणालात, "म्हंजे भाजी टाकाच्या आधी मी तेल, जिरं, तिखट काढून ठेवते, तसं."

"तसंच."

"आन तू तिले म्हनलं, काही काढून नको ठेवू. कढई तापली का मंग एकेक डब्बा शोध."

मी म्हटलं, "व्हिडिओत तसं सांगितलं होतं."

"त्या व्हिडिओवाल्याची मशीन कोनती होती, इचारलं का?"

नव्हतं विचारलं. पुढे कुठेतरी वाचलं की काही मशीनवर ते बंद केल्याने फरक पडत नाही, काहींवर बरंही वाटतं. आपली जुनी फिरती डिस्क त्यातली नव्हती. शून्याचा तीन केला, सेवा सुरू केली, मशीन पुन्हा चालू केलं. त्या दिवशी डिस्कचा दिवा अर्धा तास लुकलुकत राहिला आणि सगळं पूर्वीपेक्षाही हळू झालं. मी म्हटलं, पाहा, बंद करते. तुम्ही माझा हात धरलात. "दम धर नं वो. पऱ्हे टाकले का दुसऱ्या दिवशी उपटून पाहातेस का, रुजले का नाही?"

आठवडा गेला. कॅलेंडरच्या पानावर वेळ सहा, साडेसहा, सहा अशीच. माझा मुद्दा सिद्ध झाल्यासारखं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, त्याचं मला थोडं समाधानही होतं. दिवाळीला तीन आठवडे उरले होते. भाऊजी खोलीच्या दारात उभं राहून किती पोती मावतील ते नजरेनं मापून जायचे. तुम्ही रोज तीनला बटण दाबायच्या आणि घड्याळाकडे पाहायच्या.

मग मी चार दिवस नाकाडोंगरीला माहेरी गेले. भाचीचा साखरपुडा होता. बुधवारी संध्याकाळी परतले. गुरुवारी संध्याकाळी क्लासवरून आले तर तुम्ही पान खिळ्यावरून काढून मांडीवर घेऊन बसलेल्या. बाया निघून गेल्या होत्या.

"हातपाय धू, चहा पी, मंग सांगते एक गोष्ट."

"आत्ताच सांगा."

"तू माहेरी गेली का मशीन सुधरते."

मला वाटलं थट्टा आहे. तुम्ही पान पुढे केलंत. "शनिवार, साडेसहा मिनिटं. त्या दिवशी दुपारी तू गेली. रविवार, पावनेसहा. सोमवार, पाच. मंगळवार, साडेचार. बुधवार, चारले थोडे कमी. काल सांजच्याले तू आली. आज परत साडेसहा. आता मले सांग, आज सकाळी तू काय केलं?"

"काहीच नाही केलं."

"काहीच नाही? रोजचं बी नाही?"

रोजचं म्हणजे काय, हे बोलता बोलता माझा मलाच आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. सकाळी साडेआठला, क्लासला निघण्याआधी मी मशीन सुरू करायचे आणि साफसफाई करायचे, घरी आधी कधीमधी, मशीन मंदावल्यापासून रोज. आधी तात्पुरत्या फायलींची, टेम्पची दोन फोल्डरं, मग प्रीफेचचं. आत जाऊन सगळं सिलेक्ट, सगळं डिलीट. अंगण झाडावं तसं. झाल्यावर बरं वाटायचं. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येक बॅचला हे शिकवत होते, मला कोणीतरी शिकवलं होतं तसंच.

तुम्ही विचारलंत, "थे प्रीफेच म्हंजे थेच नं, ज्याचा आकडा आपन शून्याचा तीन केला?"

तेच. सिस्टीम दिवसभर जी नोंद करून ठेवायची ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी केरात टाकत होते. दुपारी तुम्ही खुर्चीवर बसायच्या तेव्हा तिला सगळे डबे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागायचे. पंधरा वर्षं मी एका तासाला प्रीफेच कशासाठी असतं ते सांगत होते आणि दुसऱ्या तासाला ते रोज पुसायला सांगत होते. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलीच नव्हती. ती तुम्ही ठेवलीत.

मी माझं मास्तरीणपण विसरून ओरडले, "पंधरा वर्सं झाले मी शिकवून राहिली, बाई! मले नका शिकवू!" भांडताना माझी भाषा सरळ नाकाडोंगरीला पोचते.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मंग पंधरा वर्सं चुकत असशील. मले काय मालूम. कागदावर हे हाये."

त्यानंतर तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. झाडणार कोण? माझ्या रागानंच तुमचा प्रयोग पूर्ण झाला. सोमवारी सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी चोरासारखी जाऊन पान पाहिलं. पावणेसहा, पाच, सव्वाचार. शेजारच्या रकान्यात, जिथे आज काय बदललं ते लिहायचं, तिथे तुम्ही तिन्ही दिवस फक्त एक आडवी रेघ ओढली होती. माझं नाव लिहिलं नव्हतं. 'राग' असंही लिहिलं नव्हतं. दुसरी कोणी असती तर लिहिलं असतं. मी तर नक्कीच लिहिलं असतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी भाऊजींनी स्वतः घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटांच्या आत पान उघडलं. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र होते. ते म्हणाले, "मानलं. काय झालं होतं त्याले?"

मी मान खाली घालून बसले. तुम्ही पोळी भाजत होतात, वळूनही पाहिलं नाहीत. "एक आकडा चुकला होता. शून्याचा तीन केला."

"कोनं केला होता शून्य?"

"जुनी मशीन हाये. होते असं."

भाऊजी माझ्याकडे वळले. "घरात मास्तरीण असल्याचा फायदा हाये हा."

आमचे हेही खूश झाले. आणि मी, बाई, मी ते घेतलं. पोळीवर तूप घ्यावं तसं घेतलं आणि जेवले. तुम्ही तव्यावरची पोळी उलटवलीत. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर काही होतं का, हे मी पाहिलं नाही, कारण पाहायची हिंमत नव्हती.

नंतर एकांतात तुम्ही टोमणा माराल असं मला वाटलं होतं. आपल्या दोघींमध्ये टोमण्यांची कमी कधी नव्हती. लोणच्याच्या मिठावरून आपण सहा-सात वर्षं भांडलो आहोत. पण या गोष्टीवर तुम्ही एकदाही डिवचलं नाहीत. वाद घातलात तो वेगळाच. मी म्हणायचे, रोज नको, पण वर्षातून एकदा तरी ते फोल्डर साफ करावं, जुने प्रोग्रॅम साठत असतील. तुम्ही म्हणायच्या, "जे लागत नाही थे थो सोताच काढून टाकते, तूच वाचून दाखवलं मले. मंग तुह्या हाताले कायची खाज हाये?" हा वाद मिटलाच नाही. मला अजूनही वाटतं, एकदा झाडायला हरकत नाही. अजून झाडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारत राहिलात. पहिल्यांदा विचारलंत संक्रांतीच्या सुमाराला, तीळ निवडताना. "तुह्या पोरींले सांगितलं का?"

"काय?"

"थे रोज झाडू नका म्हनून. त्या बी झाडत असतीन नं, आपापल्या घरी. कोनी हापिसात असन. कोनाची मशीन उचलाले निंगाले असतीन घरचे."

मी म्हटलं, पुढच्या बॅचपासून सांगते. पुढच्या बॅचला तो धडाच गाळला. चूक शिकवणं थांबवलं, चूक होती असं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तुम्ही विचारलंत ते रोवणीच्या दिवसांत, बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला बसून जेवताना. मी म्हटलं, "बाई, आता इतक्या जणींना कुठं शोधत बसू? आणि काय सांगू, मॅडमला पंधरा वर्षं माहीत नव्हतं म्हणून?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "हो. असंच सांग. आणखी काय सांगशील?" तुम्हाला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला गमावण्यासारखं काही नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. हा माझा आणखी एक गैरसमज.

तिसऱ्यांदा विचारलंत ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात. श्वास पुरत नव्हता, वाक्याच्या मध्ये थांबावं लागत होतं. आधी कुंदाबाईच्या नातवाच्या दाखल्याचं विचारलंत, तो अर्ज अर्धवट राहिला होता. मी म्हटलं, भरला. ते खरं होतं. मग विचारलंत, "आन पोरींले... सांगितलं?"

मी म्हटलं, "हो बाई. सांगितलं."

"कोनी काही म्हनलं का?"

"नाही. कोणी काही नाही म्हणालं."

तुम्ही डोळे मिटून हसलात. "पाय. उगाच भेत होती."

तुम्ही स्क्रीन बायांकडे वळवायच्या, तशी मी त्या वेळी काही वळवून दाखवू शकत नव्हते. तुम्ही माझ्या शब्दावर भागवलंत. मला मेलेल्या माणसाचं ऋण वगैरे काही वाटत नाही. पण दिलेली माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करायची असते, एवढं मला कळतं, आणि तेही तुमच्याकडे पाहूनच कळलं आहे.

म्हणून तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी आधी भाऊजींना सांगितलं. ते पडवीत बसले होते. शून्य मीच केला होता, रोज पुसत मीच होते, शोधून काढलं ते बाईंनी, आणि त्या दिवशी तारीफ घेतली मी. त्यांनी हातातली सुपारी कातरली. मग म्हणाले, "म्हंजे मी चुकीच्या मानसाची तारीफ केली."

"हो."

"तिची तं मी कवा केलीच नाही," ते म्हणाले, आणि अडकित्ता खाली ठेवून आत गेले. सकाळी पाहिलं तर समोरच्या खोलीच्या दारात ठेवलेली खताची दोन पोती त्यांनी स्वतः उचलून गोठ्यात नेऊन टाकली होती.

काल क्लासमध्ये चालू बॅचला सांगितलं. फळ्यावर प्रीफेच लिहिलं, ते काय करतं ते सांगितलं आणि मग म्हटलं, हे मी पंधरा वर्षं रोज पुसायला शिकवत आले, ते चूक होतं, माझ्या जाऊबाईंनी मोजून दाखवलं. पोरींनी ते वहीत उतरवून घेतलं. एकीने विचारलं, "मॅडम, परीक्षेला येईल का?" मी म्हटलं, नाही. तिने पेन बंद केलं. एवढीच ती गोष्ट होती, बाई, जिला मी इतके दिवस घाबरत होते.

आज सकाळपासून जुन्या हजेरीवह्या काढून फोन लावते आहे. काही नंबर बदलले, काहींनी ओळखलंच नाही, एक-दोघी म्हणाल्या, मॅडम, आता सगळं मोबाईलवरच करतो. मग प्रणालीला फोन लागला. सहा वर्षांपूर्वीची, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आता तुमसरला एका कार्यालयात आहे. मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मला मालूम होतं."

"कधीपासून?"

"क्लास चालू होता तेव्हाच कळलं होतं. मी घरी दोन दिवस पुसलं नाही, तर फास्ट झालं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती खूप आदराने म्हणाली, "तुम्हाला कसं सांगणार, मॅडम?"

फोन ठेवून मी तुमच्या खुर्चीवर बसले. म्हणजे सहा वर्षांपूर्वी एका पोरीला कळलं होतं, आणखी कोणाकोणाला कळलं असेल, आणि त्या सगळ्या माझ्यासमोर रोज ते फोल्डर पुसत राहिल्या, कारण मॅडमला सांगता येत नाही. मी अशी बाई आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला वीस वर्षांपासून माहीत होतं, तरी तुम्ही तोंडावर सांगितलंत, आणि तेही अशा वेळी की ऐकणारी मी एकटीच होते. बाकी सगळ्यांसमोर तुम्ही पोळी उलटवत राहिलात.

हातातल्या वहीत अजून एकतीस नावं उरली आहेत. तीन वाजत आले, पडवीत दोघी जणी येऊन बसल्या आहेत. त्यांचे अर्ज भरते, मग पुढचा फोन लावते.